हबलची दुरुस्ती कडुनिंबाखाली: शाळेतल्या पोरांकडून हा सराव कसा करून घ्यायचा

मी मोर्शी तालुक्यात संत्र्याच्या बागांमधल्या सबमर्सिबल मोटारी काढतो, वाइंडिंग करतो, परत बोअरमध्ये सोडतो. एका उन्हाळ्यात माझ्या हातून 19 नंबरचा पाना बोअरमध्ये पडला. तो बोअरचा केसिंग पाइप आणि मोटारीच्या मधे अडकला, मोटार वर येईना. आंबिया बहाराची फळं झाडावर होती आणि त्या बागेला अकरा दिवस टँकरचं पाणी द्यावं लागलं. तेव्हापासून माझा प्रत्येक पाना सुतळीनं मनगटाला बांधलेला असतो. अंतराळवीरही आपलं प्रत्येक हत्यार दोरीनं बांधून ठेवतात हे नंतर कळलं, तेव्हापासून अंतराळात फिरणाऱ्या हबल दुर्बिणीची दुरुस्ती मला आपल्याच धंद्यातली गोष्ट वाटते. दरवर्षी 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आमच्या गावच्या शाळेत मी हा सराव घेतो. तुम्हालाही घेता येईल.

आधी पोरांना थोडक्यात सांगा. हबल 1990 साली वर गेली. तिचा 2.4 मीटरचा आरसा कडेला केसाच्या पन्नासाव्या भागाएवढा जास्त सपाट घासला गेला होता, त्यामुळे चित्रं धूसर यायची. डिसेंबर 1993 मध्ये एंडेव्हर यानातून माणसं गेली आणि त्यांनी जणू तिला चष्माच बसवला. शेवटची दुरुस्ती मे 2009 मध्ये अटलांटिस यानातून झाली. आपला सराव त्या शेवटच्या दुरुस्तीचा आहे.

हबलमधलं एक उपकरण 2004 पासून बंद होतं, त्यातलं वीजपुरवठ्याचं कार्ड गेलं होतं. ते कार्ड बदलायचं तर वरचं झाकण काढावं लागणार, आणि झाकणाला स्क्रू होते 111. तिथं निघालेला स्क्रू खाली पडत नाही, तरंगतो, आणि दुर्बिणीच्या आत शिरला तर नवंच नुकसान. म्हणून त्यांनी झाकणावर बसणारी एक पारदर्शक पाटी बनवली. पाटीच्या भोकांतून हत्यार आत जातं, पण सुटलेला स्क्रू बाहेर येत नाही.

ही पाटी घरी करता येते. भंगारातला जुना स्टार्टरचा डबा घ्या आणि आतला सगळा माल काढून टाका. झाकणाला अर्ध्या इंचाचे 24 मशीन स्क्रू बसवा. नंबरप्लेट करणाऱ्याकडून ॲक्रिलिकचा तुकडा आणा. स्क्रूचं डोकं 8 मिलिमीटरचं आणि पेचकसाची दांडी 5 ची असेल, तर पाटीला 6 ची भोकं पाडा. भोकं स्क्रूच्या बरोबर डोक्यावर यायला हवीत, म्हणून आधी कागदावर ठसा घ्या. पाटी झाकणापासून पाऊण इंच वर राहील असे चार कोपऱ्यांना पाइपचे तुकडे लावा आणि बाजू पॅकिंग टेपनं बंद करा. डबा जमिनीवर आडवा ठेवू नका, झाडाच्या बुंध्याला उभा बांधा. पोरांच्या हातात आधी रबरी हातमोजे, त्यावर वेल्डिंगचे. अंतराळपोशाखाच्या आत हवा भरलेली असते, त्यामुळे मूठ मिटायलाही जोर लागतो. तो शीण असाच कळतो.

आता टायर. एकाच दोरानं मोटारसायकलचा जुना टायर फांदीला टांगा, जमिनीपासून वीतभर उंच. पोरगं त्यात बसवून डब्यासमोर आणा आणि घट्ट स्क्रू फिरवायला सांगा. स्क्रू जागेवर राहतो, पोरगंच उलट बाजूला झुलतं! हे पाहताना पोट्ट्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. क्रियेला प्रतिक्रिया असते, हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं असतं, पण इथं ती पाठीला जाणवते. मग दुसऱ्या पोराला त्याचे पाय धरायला लावा, लगेच स्क्रू सुटतो. हबलवर काम करणाऱ्यांचे बूटही असेच खोबणीत अडकवलेले असतात.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. डब्यावर बोल्टांनी एक दांडी बसवा, त्यातल्या एका बोल्टचं डोकं आधीच कानशीनं घासून गोल करून ठेवा आणि कुणाला सांगू नका. 2009 मध्ये हेच झालं. हबलच्या त्या झाकणावरची, हातानं धरायची दांडी चार बोल्टांवर होती. तीन निघाले, चौथ्याचं डोकं झिजलं. अंतराळवीर माइक मॅसिमिनो बाहेर लटकलेला, आणि खाली अमेरिकेत, मेरीलँडमधल्या नासाच्या गोडार्ड केंद्रात इंजिनिअर तशाच नमुन्याची दांडी ओढून, किती जोर लागेल ते मोजत होते. तुकडे उडू नयेत म्हणून त्यानं आधी टेप लावली, मग दांडी ओढून तोडली. 111 स्क्रू त्यानंतर निघाले.

गेल्या वर्षी सातवीतली एक पोरगी तिथवर पोचली आणि थांबली. "काका, हा तं गोलच झाला नं!" मी काहीच बोललो नाही. तुम्हीही बोलू नका. तिनं पाना खाली सोडला, तो सुतळीला लोंबकळला. मग तिनं मैत्रिणीला विचारलं, "टेप कुठं हाय?"

संध्याकाळी पोरांना खळ्यावर न्या. हबल विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना 28.5 अंशांपर्यंतच फिरते. त्यामुळे युरोपातल्या बहुतेक लोकांना ती नीट दिसत नाही, पण आपल्या डोक्यावरून जाते. हेवन्स अबव्ह या संकेतस्थळावर आपलं गाव टाकलं की वेळ मिळते. सूर्य मावळल्यावर तास-दीड तासातली फेरी निवडा आणि पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. न लुकलुकणारा ठिपका पूर्वेकडे सरकत जातो आणि पृथ्वीच्या सावलीत शिरला की आकाशातच विझतो. तो विझेपर्यंत पोरांना टॉर्च लावू देऊ नका.