शनिवारच्या इंजेऱ्याची तयारी बुधवारपासून

गेल्या एन्कुतताशला, म्हणजे इथिओपियातल्या 11 सप्टेंबरच्या नव्या वर्षाला, मी अदिस अबाबातल्या आमच्या घरी खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण आजींना सहकुटुंब जेवायला बोलावलं आणि इंजेरा, म्हणजे इथली आंबवलेल्या पिठाची मोठी, जाळीदार आंबोळी, स्वतः करायला घेतला. पीठ छान आंबलं होतं, आंबूस वासही बरोबर होता. मितादवर, म्हणजे इंजेऱ्याच्या मोठ्या तव्यावर, मात्र चपटं, चिवट, कडेला तडकणारं काहीतरी तयार झालं, एकही डोळा, म्हणजे जाळीचं भोक, नसलेलं. आजींनी एक घास खाल्ला आणि एकच शब्द विचारला, "अब्सित?" ते मी केलंच नव्हतं. आजी उठून खाली गेल्या आणि स्वतःच्या घरची इंजेऱ्याची चळत घेऊन आल्या. परत कुणावर ही वेळ येऊ नये. हे सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान "अब्सित" हा शब्द कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा.

पीठ टेफचं. टेफचा दाणा राजगिऱ्याहूनही बारीक असतो, त्यामुळे कोंडा वेगळा काढता येत नाही, अख्खा दाणाच दळला जातो. पांढरा टेफ महाग, लाल स्वस्त आणि चवीला गडद; पहिल्यांदा करताना कुठलाही चालेल. परदेशात राहत असाल तर पाकिटामागचं नीट वाचा, कारण गहू, बार्ली किंवा खमीर मिसळलेलं पीठही इंजेऱ्याच्या नावाने विकतात आणि त्याला पुढचं वेळापत्रक लागू पडत नाही. ज्वारीचा इंजेरा इथेही करतात, पण तो दुसऱ्या दिवशी कडक होतो. टेफचा दोन-तीन दिवस मऊ राहतो, म्हणून त्याला एवढा मान.

भांडं मोठं घ्या. पीठ अर्ध्यापेक्षा वर येता कामा नये, नाहीतर उतू जातं.

इर्शो आधीच मागून ठेवा. आंबलेल्या पिठावर पिवळसर पाणी सुटतं ते इर्शो, म्हणजे इंजेऱ्याचं विरजण. शेजारी नियमित इंजेरा करत असतील तर वाटीभर आनंदाने देतात. मिळालं नाही तर पीठ नुसत्या पाण्यात भिजवूनही आंबतं, पण चार-पाच दिवस धरा आणि पहिल्या खेपेकडून फार अपेक्षा ठेवू नका.

बुधवारी संध्याकाळी किलोभर पिठाला आधी थोडं पाणी घालून घट्ट मळा. गुठळ्या आत्ताच मोडतात, नंतर नाही. मग इर्शो आणि एकूण दीड ते पावणेदोन लिटर होईल इतकं पाणी घालून सैल करा आणि झाका. मीठ घालू नका. आंबोळीचं पीठ भिजवलेल्या हाताला मेथीदाणे, पोहे असलं काही टाकायची सवय असते, तेही नको. अदिस समुद्रसपाटीपासून 2,300 मीटरहून उंच आहे आणि पावसाळ्यात इथे गारठा असतो, म्हणून तीन दिवस लागतात. पुण्याच्या मे महिन्यात दीड दिवसातही होईल. घड्याळापेक्षा वासावर जा. वर करडा फेस आला तर घाबरू नका. गुलाबी, नारिंगी किंवा केसाळ बुरशी दिसली तर सगळं फेकून द्या, वरचं काढून खालचं वाचवायचा विचारसुद्धा करू नका.

आता अब्सित. आपण चुकतो ते इथेच, आणि चुकण्याचं कारणही आपल्याच स्वयंपाकघरात आहे. आंबोळीचं पीठ आंबलं की थेट तव्यावर जातं, मध्ये काही पायरी नाही. म्हणून पीठ फुगलेलं दिसलं की हात आपोआप पळीकडे जातो. थांबवा तो हात. टेफमध्ये गव्हासारखा चिकटपणा नाही, त्यामुळे आंबताना तयार झालेली हवा पिठात धरून ठेवणारं काहीच नसतं. तांदळाच्या पिठाचे मोदक करताना आपण काय करतो? उकड काढतो. अब्सित म्हणजे आंबलेल्या पिठाचीच पातळ उकड. शिजलेल्या पिठाने सगळ्याला दाटपणा येतो, हवा अडकते, आणि तव्यावर ती वर निघताना डोळे पडतात. अब्सित नाही तर डोळे नाहीत, आणि डोळे नाहीत तर रस्सा धरणार कुठे?

शनिवारी सकाळी पिठावरचं पाणी हलकेच ओतून बाटलीत भरा, ते पुढच्या वेळचं इर्शो. खालच्या पिठाचा साधारण दहावा भाग वेगळा काढा. त्याच्या तिप्पट पाणी उकळत ठेवा आणि हे पीठ त्यात धारेने सोडत सतत ढवळा. हात थांबला की गुठळी झालीच. चकाकी येऊन फदफदायला लागलं की उतरवा. कोमट होऊ द्या, बोट आरामात टिकलं पाहिजे. गरम ओतलंत तर आंबलेलं पीठ मरतं आणि वर ठिकठिकाणी शिजतं. मग उरलेल्या पिठात मिसळा, धिरड्याच्या पिठाइतकं सैल करा, झाका. अर्धा तास ते दोन तास. पीठ वर येईल, बुडबुडे फुटायला लागतील. आता ढवळू नका. हा वेळ पाहुण्यांच्या वेळेत धरा, मी धरला नव्हता आणि घाईत ही पायरीच विसरले. म्हणून पुन्हा सांगते: अब्सित सकाळी, पाहुणे दुपारी.

पाहुणे इथलेच असतील तर वेळ सांगताना जपा. इथले दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात, आपले दुपारचे एक म्हणजे इथले सात. बुधवारी-शुक्रवारी बोलावलंत तर उपवासाचं जेवण करा, मांस, दूध, अंडी काही नाही. शिरो, म्हणजे डाळीच्या पिठाचं पिठलं, आणि मसूर पुरे.

मिताद विजेची असेल तर ती साडेतीन किलोवॅटच्या आसपास वीज खाते, तेव्हा सोबत दुसरं काही लावू नका आणि वीज गेली तर काय ते आधी ठरवा. मिताद नसेल तर घट्ट झाकणाचा मोठा नॉनस्टिक तवा घ्या. तेल अजिबात नाही. मातीच्या मितादवर इथे गोमेन झेर, म्हणजे मोहरीच्या जातीच्या बियांची पूड, चोळून पुसतात. तेलाच्या तव्यावर पीठ घसरतं आणि डोळे बुजतात.

ओतायचं बाहेरून आत, गोल गोल, डोशाच्या उलट. पळीने पसरवायचं नाही. डोळे उघडले की लगेच झाकण, दोन-तीन मिनिटं, कडा सुटल्या की झालं. उलटायचा नाही. पहिला बिघडतो, बाजूला ठेवा. दुसऱ्यालाही डोळे आले नाहीत तर पुढचे ओतत बसू नका, आणखी थोडं अब्सित करून घाला आणि तासभर थांबा.

काढायला सेफेद, म्हणजे गवताची विणलेली चपटी चकती, नसेल तर पातळ पुठ्ठा. गार झाल्यावरच एकावर एक, गरम असताना चिकटतात. फडकं झाका. इर्शोची बाटली फ्रिजमध्ये.