पोकलेन वळवायचं तर आधी खालची जमीन बघा

पोकलेनला स्टेअरिंग नसतं, दोन लिव्हर असतात, डावी चेन थांबवली की मशीन डावीकडं वळतं, एवढं शिकायला दहा मिनिटं पण लागत नाहीत. पण वळताना अख्खी चेन जमिनीवर आडवी घासत जाते आणि ती कशी घासणार हे खालची माती ठरवते. म्हणून नवीन पोरांना मी सांगतो, आधी केबिनमधून खाली उतरा आणि टाचेनं जमीन दाबून बघा.

सगळ्यात जास्त त्रास ओल्या काळ्या रानाचा. वीस टनी मशीनला 600 मिमी रुंदीची शू प्लेट (चेनवरची जमिनीला टेकणारी लोखंडी पट्टी) असली तर दाब येतो चौरस सेंटीमीटरला साधारण अर्धा किलो, म्हणजे माणूस उभा राहिल्यावर येतो तेवढाच, त्यामुळं सरळ जाताना मशीन निघून जातं. वांदा होतो वळताना. रुतलेली चेन बाजूला माती ढकलते, तिचा वरंबा होतो, तुम्ही अजून लिव्हर दाबता, वरंबा वाढतो, चेन अजून खाली जाते, त्यात चिकट माती चेनच्या आतल्या रोलरमध्ये आणि स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात, ठासून बसते, चेन ताठ होते आणि शेवटी आयडलरवरनं, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या मोकळ्या चाकावरनं, उतरते. शेततळ्याच्या कामावर असंच झालं होतं आमचं, अख्खा दिवस चेन चढवण्यात गेला. म्हणून काळ्या रानात जागेवर फिरवूच नका. थोडं वळवा, दोनतीन मीटर सरळ पुढं जाऊन न तुडवलेल्या जमिनीवर या, परत थोडं वळवा. चेन जरा ढिली ठेवा. माती भरलीच तर बकेट टेकवून एक बाजू उचला आणि ती चेन मोकळी फिरवून झाडा.

मुरमावर बिनधास्त वळवा.

कातळावर रुतायची भीती नाही पण शू प्लेटा वाकतात, बोल्ट ढिले होतात. तिथं बारीक उंचवटा शोधा आणि चेनचा मधला भाग त्यावर आला की वळवा, टोकं हलकी होतात आणि मशीन सहज फिरतं. खोलगटात उलटं होतं, दोन्ही टोकं अडतात.

उतारावर सरळ वर नाहीतर सरळ खाली, वळायचं ते सपाटीला येऊन. आडवं गेलात की खालच्या चेनवर जास्त वजन पडतं, ती जास्त रुतते, आणि मशीन उताराकडं ओढलं जातं. आणि उताराला लागायच्या आधी स्प्रॉकेट मागं आहे का बघा, पुढं असेल तर लिव्हर उलटे चालतात आणि तिथं चुकायला जागा नसते.