कार्यांची आकृती काढताना या चुका टाळा

संस्थेचे किंवा यंत्रणेचे कामकाज चौकटी आणि बाणांनी मांडणारी आयडेफ-झिरो ही पद्धत डग्लस रॉस यांच्या एसएडीटी या रचनाबद्ध विश्लेषणाच्या पद्धतीतून, अमेरिकी हवाई दलाच्या आयकॅम या संगणकाच्या साहाय्याने उत्पादन करण्याच्या कार्यक्रमात घडली आणि १९९३ मध्ये फिप्स १८३ या नावाने तिथल्या सरकारचे प्रमाण ठरली. तिचे नियम मोजकेच आहेत. तरीही आकृत्या बिघडतात, आणि माझ्या मते त्या सर्वाधिक बिघडतात त्या बाण चौकटीच्या चुकीच्या बाजूला जोडल्यामुळे.

आदान (कामात बदलणारी किंवा खर्ची पडणारी वस्तू) डावीकडून, नियंत्रण (काम कसे करायचे हे ठरवणारी गोष्ट) वरून, साधन (ज्याच्याकरवी काम होते ते) खालून येते आणि प्रदान (कामातून जे निघते ते) उजवीकडून बाहेर पडते. ‘यंत्राची दुरुस्ती करणे’ ही चौकट घ्या. बिघडलेले यंत्र आणि सुटे भाग ही आदाने, चालू झालेले यंत्र हे प्रदान, तर तंत्रज्ञ आणि हत्यारे ही साधने, इथपर्यंत सहसा गोंधळ होत नाही. पण दुरुस्तीची माहितीपुस्तिका ‘कामात लागते’ म्हणून डावीकडे जोडली जाते. पुस्तिका वापरून संपत नाही किंवा बदलत नाही, ती काम कसे करायचे हे ठरवते, म्हणून तिची जागा वर आहे. अशा वेळी एकच प्रश्न विचारावा: या कार्यामुळे ही वस्तू बदलते किंवा खर्ची पडते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ती आदान नव्हे. आदानाशिवाय चौकट चालते, परंतु किमान एक नियंत्रण आणि एक प्रदान हवेच. वरची बाजू मोकळी दिसली, की हीच चूक तपासावी.

दुसरी चूक म्हणजे या आकृतीला प्रवाह-आकृती समजणे. बाण वेळेचा क्रम सांगत नाहीत. एका कार्याला दुसऱ्याकडून काय लागते, एवढेच ते सांगतात. ‘आधी’ आणि ‘नंतर’ दाखवायचे असेल, तर दुसरी पद्धत निवडावी.

चौकटीत ‘लेखा विभाग’ लिहू नये. विभाग हे साधन आहे. चौकटीत ‘देयके तपासणे’ असे क्रियावाचक नाव हवे.

एका आकृतीत तीन ते सहा चौकटी असाव्यात. सातवी लागली, तर काही कार्ये एका चौकटीत एकत्र करून ती खालच्या पातळीवरच्या वेगळ्या आकृतीत उलगडावीत. मात्र वरच्या चौकटीला जोडलेला प्रत्येक बाण खालच्या आकृतीत सापडला पाहिजे. मुद्दाम वगळलेल्या बाणाच्या टोकाला कंस करावा. बाण जुळेनासे झाले, तर सर्वांत वरच्या, एकाच चौकटीच्या आकृतीकडे परत जाऊन तिथे लिहिलेला हेतू आणि दृष्टिकोन पाहावा, कारण अर्धी आकृती व्यवस्थापकाच्या आणि अर्धी तंत्रज्ञाच्या नजरेतून काढलेली असेल, तर बाण कितीही हलवले तरी ते जुळत नाहीत.