ब्लेड सर्व्हर चॅसिसमध्ये कसं बसवावं, आणि ते नीट बसलंय हे कसं ओळखावं

ब्लेड म्हणजे पातळ, सपाट सर्व्हर, आणि चॅसिस म्हणजे अशी अनेक ब्लेड एकत्र बसवायची पेटी. ब्लेड चॅसिसमध्ये सरकवून लिव्हर बंद करायला अर्धं मिनिटही लागत नाही. तरी या कामासाठी मी नेहमी दोन तास मागून घेतो. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी मी ब्लेड बसवलं, हिरवे दिवे पाहिले, पिंग (नेटवर्कवरून दिलेल्या हाकेला उत्तर) आलं, आणि काम झालं म्हणून सही करून निघालो. दोन महिन्यांनी चॅसिसच्या मागच्या एका स्विचचं फर्मवेअर (त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलण्यासाठी तो रीस्टार्ट केला गेला आणि माझं ब्लेड नेटवर्कवरून गायब झालं. दुसऱ्या स्विचकडे जाणारी वाट पहिल्या दिवसापासून बंद होती. एक वाट चालू होती म्हणून पिंग येत होतं, आणि दुसरी मी तपासलीच नव्हती. रात्रपाळीच्या माणसांना त्याचा त्रास झाला, आणि ते मला आजही लागतं.

ऐरोली-महापे पट्ट्यात किंवा पुण्यात डेटा सेंटरमध्ये नव्याने लागलेली मुलं-मुली हे काम पहिल्यांदा करतात तेव्हा त्यांच्या हातात असावं म्हणून हे लिहितो आहे. उदाहरणाला एचपीईचं ब्लेडसिस्टिम सी-७००० हे चॅसिस आणि प्रोलायंट बीएल४६०सी जेन९ हे अर्ध्या उंचीचं ब्लेड घेतलं आहे. सी-७००० हे २००६ मध्ये आलं. त्याची जागा आता एचपीईच्याच सिनर्जीने घेतली असली, तरी शिकायला याच्याइतकं चांगलं चॅसिस मला दुसरं दिसत नाही, कारण त्यातला प्रत्येक भाग वेगळा दिसतो आणि वेगळा तपासता येतो.

आधी चॅसिस ओळखून घ्या

सी-७००० रॅकमधली १० यू उंची घेतं (यू हे रॅकमधल्या उंचीचं माप). पुढे अर्ध्या उंचीच्या १६ जागा असतात, त्यांना बे म्हणतात. समोर उभं राहिल्यावर वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८ आणि खालच्या ओळीत ९ ते १६. पूर्ण उंचीचं ब्लेड असेल तर ते वरचा आणि खालचा असे दोन्ही बे व्यापतं. पुढेच तळाशी सहा पॉवर सप्लाय असतात. मागे दहा पंखे, स्विचसाठी आठ इंटरकनेक्ट बे, आणि एक किंवा दोन ऑनबोर्ड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. याला सगळे ओए म्हणतात. कुठल्या बेमध्ये काय आलं, त्याला वीज द्यायची की नाही, हवा पुरते का, हे सगळं ओए ठरवतो. ब्लेडच्या आत स्वतःचा पंखा नसतो आणि पॉवर सप्लायही नसतो, दोन्ही चॅसिसकडून येतात. म्हणून ब्लेड बसवताना नुसतं ब्लेड तपासून भागत नाही.

पुढची ब्लेड आणि मागचे स्विच यांना जोडणारा मधला बोर्ड म्हणजे मिडप्लेन. त्याच्यामुळे ब्लेडचं कुठलं कार्ड मागच्या कुठल्या स्विचला जोडलं जाणार हे कायमचं ठरलेलं असतं. ब्लेडचं मूळ नेटवर्क कार्ड इंटरकनेक्ट बे १ आणि २ ला जातं. मेझनीन म्हणजे ब्लेडच्या आत बसवायचं जादा कार्ड; मेझनीन स्लॉट १ मधलं कार्ड बे ३ आणि ४ ला. मेझनीन स्लॉट २ मधलं बे ५ ते ८ ला. हे एका कागदावर लिहून चॅसिसच्या दारावर आतून चिकटवा. फायबर चॅनेलचं (स्टोरेजच्या नेटवर्कचं) कार्ड स्लॉट १ मध्ये बसवलं आणि बे ३ मध्ये इथरनेटचा स्विच असला, तर ओए ही जोडी जुळत नाही असं सांगतो. ब्लेड ठणठणीत असतं, चूक फक्त कार्डाच्या जागेची असते.

ब्लेड हातात घेण्याआधी

ओएच्या वेबपानावर लॉगिन करा आणि चॅसिसची आजची अवस्था टिपून ठेवा, स्क्रीनचा फोटो घेतला तरी चालेल. आधीपासून पिवळा इशारा असेल तर तो तुमच्या ब्लेडमुळे आला नाही हे नंतर सांगता आलं पाहिजे.

मग पंखे मोजा. चारच पंखे असतील तर फक्त १, २, ९ आणि १० हे बे वापरता येतात, त्यातही दोनच ब्लेड. सहा पंखे असतील तर पहिले चार उभे स्तंभ, म्हणजे १ ते ४ आणि ९ ते १२. आठ किंवा दहा पंख्यांवर सगळे १६ बे खुले होतात. पंखे किती यासोबत ते कुठल्या जागी आहेत यालाही महत्त्व आहे. जागा चुकली असेल तर ओए ते दाखवतो.

विजेचं गणित बघा. बहुतेक ठिकाणी पॉवर सप्लाय विजेच्या दोन वेगळ्या फीडवर (लाइनवर) अर्धे-अर्धे वाटलेले असतात, म्हणजे एक फीड पूर्ण गेला तरी चॅसिस चालू राहतं. नव्या ब्लेडमुळे ही सोय मोडणार असेल तर ओए त्याला वीज नाकारतो. अशा वेळी वीज द्यावी म्हणून रिडंडन्सीची, म्हणजे या जादा आधाराची, सेटिंग खाली आणण्याचा मोह होतो. तो टाळा. त्याची किंमत पुढे चॅसिसमधल्या सगळ्याच ब्लेडना मोजावी लागते.

ओएचं फर्मवेअर जुनं असेल तर नवीन पिढीचं ब्लेड त्याला नीट ओळखू येत नाही, म्हणून आधी चॅसिसचं फर्मवेअर, मग ब्लेड. आणि व्हर्च्युअल कनेक्ट (मागच्या इंटरकनेक्ट बेमध्ये बसणारे एचपीईचे मॉड्यूल) वापरत असाल तर त्या बेसाठीचं प्रोफाइल, म्हणजे त्या बेमधल्या ब्लेडची नेटवर्कची सेटिंग, आधीच तयार ठेवा, कारण ब्लेड आत गेलं की मूळ सेटिंगनुसार ते आपोआप सुरू होतं.

टेबलावरचं काम

अँटिस्टॅटिक पट्टा मनगटाला लावा आणि त्याचं दुसरं टोक खरंच अर्थिंगला जोडलं आहे ना ते बघा. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते तेव्हा स्वेटर काढूनच कामाला लागा.

ब्लेडचं वरचं झाकण सरकवून उघडा. जेन९ मध्ये रॅमचे १६ स्लॉट असतात, प्रत्येक प्रोसेसरला आठ. पांढरे स्लॉट आधी भरायचे. एकच प्रोसेसर असेल तर दुसऱ्या बाजूच्या आठ स्लॉटमध्ये भरलेली रॅम दिसतच नाही. ही चूक फार वेळा होते, आणि मग रॅम खराब आली म्हणून परत पाठवली जाते. दोन्ही टोकांच्या कड्या वर येऊन बसल्याशिवाय रॅमची पट्टी बसली असं समजू नका. मेझनीन कार्ड सरळ खाली दाबायचं आणि त्याचे स्क्रू घट्ट करायचे. जिथे प्रोसेसर किंवा डिस्क नाही तिथले प्लास्टिकचे ब्लँक (रिकामी जागा झाकणारे तुकडे) तसेच राहू द्या, त्यांच्यामुळेच हवा योग्य जागेवरून जाते.

पुढच्या बाजूला बाहेर ओढता येणारी एक छोटी पट्टी असते. तिच्यावर सिरियल नंबर आणि आयलोचा मूळ पासवर्ड छापलेला असतो. आयलो म्हणजे ब्लेडच्या आतला छोटा व्यवस्थापन संगणक, ब्लेड बंद असतानाही तो जागा असतो. सिरियल नंबर आत्ताच लिहून घ्या. पासवर्डचा फोटो मात्र ग्रुपवर टाकू नका.

आत सरकवणं

ज्या बेमध्ये ब्लेड जाणार तिथला ब्लँक काढा. शेजारच्या बेमधले ब्लँक काढू नका. उघड्या बेमधून थंड हवा फुकट जाते आणि सगळे पंखे जोरात फिरू लागतात.

टॉर्च लावून बेच्या आत बघा. समोर मिडप्लेनचे कनेक्टर दिसतात. एखादी पिन वाकलेली दिसली तर तिथेच थांबा. वाकलेल्या पिनवर ब्लेड रेटलं तर ब्लेडचा कनेक्टर तर जातोच, शिवाय मिडप्लेन बदलण्याची वेळ येते, आणि मिडप्लेन बदलायचं म्हणजे चॅसिसमधली सगळी ब्लेड बंद करायची. दोन मिनिटं टॉर्च मारण्याने एवढं मोठं काम टळतं.

नव्या ब्लेडच्या मागच्या कनेक्टरवर प्लास्टिकचं संरक्षक झाकण असतं. ते काढा आणि जपून ठेवा, कधी ब्लेड परत पाठवायचं झालं तर लागतं.

आता लिव्हर पूर्ण उघडा. एक हात ब्लेडच्या खाली, एक पुढे. वजन पाच-सहा किलोच्या आसपास असतं, पण एका हाताने धरलं की मागचं टोक खाली झुकतं आणि कनेक्टर तिरका लागतो. सरळ धरून, घाई न करता आत सरकवा. शेवटच्या टप्प्यात थोडा अडथळा जाणवतो, तेव्हा हाताने ढकलायचं थांबवा आणि लिव्हर बंद करा. कनेक्टर बसवण्याचं काम लिव्हरचं आहे. लिव्हर टक्कन बंद झाली आणि ब्लेडचा पुढचा भाग शेजारच्या ब्लेडशी एका पातळीत आला तर बसलं. जोर लावावा लागत असेल तर बाहेर काढा आणि पुन्हा बघा. या सगळ्यात चॅसिस बंद करण्याची गरज नसते.

दिवे काय सांगतात

लिव्हर बंद केल्यावर आधी आयलो जागा होतो, त्याला एक-दोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ ब्लेडला हात लावू नका. पुन्हा काढून घालणारे लोक आयलोला पूर्ण जागं होऊच देत नाहीत.

पॉवर बटणाचा दिवा स्थिर पिवळट असेल तर ब्लेड स्टँडबायमध्ये आहे, लुकलुकता हिरवा असेल तर सुरू होण्याच्या क्रमात आहे, स्थिर हिरवा म्हणजे चालू. दिवाच नसेल तर ब्लेडपर्यंत वीज पोहोचलेली नाही. तब्येतीचा दिवा वेगळा असतो, तो हिरवा असेल तर ठीक, पिवळट लुकलुकला तर काहीतरी कमजोर, लाल लुकलुकला तर गंभीर. निळा दिवा बिघाडाचा नाही. तो ओळखीसाठी असतो. सोळांपैकी नेमकं कोणतं ब्लेड हे मागच्या माणसाला दाखवायचं असेल तर तो लावतात. कुठलंही ब्लेड बाहेर काढण्याआधी तो लावण्याची सवय लावून घ्या.

चॅसिसच्या पुढच्या छोट्या पडद्यावरही बरंच कळतं. तो डावीकडे-उजवीकडे सरकतो. पार्श्वभूमी निळी असेल तर सगळं ठीक, पिवळट झाली तर हेल्थ समरी उघडा. तिथे चॅसिसचं चित्र दिसतं आणि नेमकी अडचण कुठल्या खणात आहे ते कळतं.

खरी तपासणी ओएवर

दिवा हिरवा आहे म्हणून इथे थांबू नका. समजा ब्लेड बे ५ मध्ये आहे. ओएच्या कमांडलाइनवर ‘शो सर्व्हर लिस्ट’ दिल्यावर सगळे बे एका नजरेत दिसतात. मग ‘शो सर्व्हर स्टेटस ५’ द्या आणि प्रत्येक ओळ वाचा. हेल्थ, पॉवर, व्यवस्थापन प्रोसेसर, आय-ओ रचना, कूलिंग, जागा, बिघाड, कमजोरी या सगळ्यांसमोर ओके हवं. यात ‘व्हर्च्युअल फॅन’ नावाची टक्केवारी दिसते. ब्लेडमध्ये पंखा शोधू नका. चॅसिसच्या पंख्यांकडून ब्लेडला किती हवा हवी आहे याचा तो आकडा असतो. शेजारच्या तशाच ब्लेडपेक्षा तो बराच जास्त असेल तर आतला एखादा ब्लँक बसवायचा राहून गेला आहे का ते बघा.

आय-ओ रचनेत ओके नसेल तर वर सांगितलेली कार्ड-स्विच जोडी तपासा. आयलोला आयपी पत्ता मिळाला नसेल तर ईबीआयपीए ही सोय बघा. तीत पत्ता ब्लेडला न बांधता बेला बांधतात, त्यामुळे ब्लेड बदललं तरी बे ५ चा पत्ता तोच राहतो. ब्लेड नीट बसूनही ओळखलं जात नसेल तर ‘रिसेट सर्व्हर ५’ या कमांडने त्याची वीज क्षणभर पूर्ण तोडता येते. हात न लावता काढून घातल्यासारखंच होतं. पण आधी बेचा क्रमांक मोठ्याने वाचा. चुकीचा आकडा दिला तर कुणाचं तरी चालू मशीन जागच्या जागी बंद पडतं.

यानंतर आयलोमध्ये लॉगिन करा. मेमरीचं पान उघडा आणि टेबलावर भरलेल्या पट्ट्या एकेक मोजून जुळवा. बेरीज बरोबर आली तरी कुठल्या स्लॉटमध्ये काय हे बघा. मग इंटिग्रेटेड मॅनेजमेंट लॉग वाचा. सुरू होताना रॅम किंवा डिस्कची काही तक्रार आली असेल तर ती इथे तारखेसह असते. आयलोचं घड्याळ चुकीचं असेल तर ते आत्ताच लावा, नाहीतर सहा महिन्यांनी या नोंदींचा उपयोग होणार नाही. मूळ पासवर्डही बदला.

आता वाटा. ओएच्या पोर्ट मॅपिंगच्या पानावर ब्लेडचं प्रत्येक कार्ड कुठल्या इंटरकनेक्टला लागलं आहे ते दिसतं, पण जोड दिसली म्हणून माहिती वाहते असं नाही. ऑपरेटिंग सिस्टिम चढल्यावर दोन्ही नेटवर्क पोर्टची टीम करा, म्हणजे दोन्ही मिळून एकच जोड म्हणून चालतील असं जुळवा, दुसऱ्या मशीनवरून सतत पिंग चालू ठेवा आणि पहिला पोर्ट बंद करा. पिंग चालू राहिलं पाहिजे. पहिला सुरू करा, थोडं थांबा, दुसरा बंद करा. पुन्हा तेच. फायबर चॅनेलच्या दोन्ही वाटांचीही अशीच एकेक करून परीक्षा घ्या. हे सगळं ब्लेडवर कुणाचं काम चढण्याआधी करायचं, नंतर कुणी परवानगी देत नाही आणि ते योग्यच आहे.

डेलच्या एम१०००ई चॅसिसमध्ये ओएची जागा सीएमसी घेतो, सिस्कोच्या यूसीएस ५१०८ मध्ये सगळं फॅब्रिक इंटरकनेक्टवरच्या यूसीएस मॅनेजरमधून चालतं. कमांड आणि दिव्यांचे अर्थ तिथल्या पुस्तिकेतून घ्या. तपासणीचा क्रम मात्र हाच ठेवता येतो.

शेवटी चॅसिसची सुरुवातीला घेतलेली अवस्था आणि आत्ताची अवस्था शेजारी ठेवून बघा. बे क्रमांक, सिरियल नंबर, आयलोचा पत्ता, फर्मवेअरची आवृत्ती आणि दोन्ही वाटा बंद करून पाहिल्याची वेळ नोंदवहीत लिहा. काढलेला ब्लँक त्याच रॅकजवळच्या कपाटात ठेवा, कारण हे ब्लेड कधी दुरुस्तीला बाहेर काढलं तर त्याच क्षणी तो लागणार आहे.