जर्मनीतल्या एखाद्या गावच्या ज्यू समाजाचा धर्माचा कारभार कुणाकडे होता हे कसं शोधायचं

इतिहासाच्या प्रोजेक्टला जर्मन ज्यूंचा विषय घेतला की जळगाव-धुळ्याकडची पोरं पहिला सर्च मारतात, "जर्मनीचे मुख्य राबाय (ज्यू धर्मगुरू) कोण". असं कुणी नव्हतंच भो! 1871 पर्यंत जर्मनी हा एक देशच नव्हता आणि नंतरही धर्माचा कारभार ज्या त्या राज्याकडेच राहिला, म्हणून आधी गाव न् साल पक्कं करा आणि त्या साली गाव कोणत्या राज्यात होतं ते बघा. नंदुरबारचे 1998 च्या आधीचे जिल्ह्याचे कागद आपण धुळ्याला शोधतो, तसंच.

आईनस्टाईनचंच घ्या ना. तो 1879 ला उल्मला जन्मला, म्हणजे व्युर्टेमबर्ग राज्य. तिथे 1828 च्या कायद्यानंतर श्टुटगार्टला ज्यूंसाठी सरकारी धर्मखातं झालं, राबाय नेमायचे ते या खात्याच्या हाताखाली, आणि उमेदवाराला युनिव्हर्सिटीचं शिक्षण न् सरकारी परीक्षा दोन्ही लागायचं. त्याची मावस बहीण आणि पुढे बायको झालेली एल्झा 1876 ची, हेखिंगेनची. नकाशात हेखिंगेन व्युर्टेमबर्गच्या कुशीत दिसतं पण 1850 पासून ते प्रशिया या दुसऱ्या जर्मन राज्याचं, त्यामुळे श्टुटगार्टच्या फायली तिथे कामाच्या नाहीत. प्रशियात 1847 च्या कायद्याने प्रत्येक सिनेगॉगचा (ज्यूंच्या प्रार्थनाघराचा) समाज ही स्वतंत्र संस्था, वर धर्माचं केंद्रीय खातं नाही, मग त्या गावच्या समाजाचेच कागद धुंडाळायचे.

जन्मनोंद हवी असेल तर साल परत बघा, कारण 1876 पासून सगळ्या जर्मनीत जन्ममृत्यू सरकारी दफ्तरात चढायला लागले (प्रशियात 1874 पासूनच). म्हणून अल्बर्टची नोंद उल्मच्या सरकारी दफ्तरात, पण त्याचे वडील हेरमान 1847 ला बुखाऊला जन्मले तर त्यांच्यासाठी ज्यू समाजाची वही. या भागातल्या बऱ्याच वह्यांच्या फिल्म बाडेन-व्युर्टेमबर्गच्या सरकारी अर्काइव्हने ऑनलाइन टाकल्यात, अक्षर जुनं जर्मन वळणाचं आहे, डोळ्यांना ताप होतो.

बाडेन राज्याचं सोपं, 1809 च्या हुकमाने कार्ल्सरूहला ज्यूंची वरिष्ठ परिषद, तिथूनच सुरुवात करा. हॅनोवर राज्य मात्र फसवतं. 1866 ला प्रशियाने ते गिळलं तरी तिथली प्रांतिक राबायची पदं चालूच राहिली, त्यातलं एम्डेन शहरातलं पद तर पार विसाव्या शतकापर्यंत. म्हणून एम्डेनच्या भागातलं गाव 1890 साठी शोधत असाल तरी "प्रशिया" एवढंच बघून थांबू नका, एम्डेनच्या राबायच्या नावाने पण सर्च मारा.