जुने विनोदी चित्रपट डिस्कवर जमवताय? या चुका टाळा

'द गोल्ड रश' माझ्या कपाटात दोन आहेत आणि ते दोन वेगळे चित्रपट आहेत. पहिला १९२५चा मूकपट. दुसरा १९४२ साली चॅप्लिनने स्वतःच नव्याने कापून काढलेला. त्यात संवाद दाखवणाऱ्या मधल्या पाट्या गेल्या, त्यांच्या जागी त्याच्याच आवाजातलं निवेदन आलं, संगीत आलं, शेवटचं चुंबन गेलं. तो सुमारे ७२ मिनिटांत संपतो, मूळ मूकपट त्याहून बराच मोठा आहे. कव्हरवर मात्र दोन्हीकडे तेच नाव, तीच टोपी, तीच काठी. त्यामुळे कित्येकांनी हौसेने एक घेतलेला असतो आणि दुसरा आहे हेच त्यांना माहीत नसतं.

जुने चित्रपट, त्यातही विनोदी, डिस्क आणि कॅसेटवर जमवता जमवता मला एवढं नक्की कळलं, की या छंदातल्या बहुतेक चुका कव्हरची फक्त पुढची बाजू बघून पैसे दिल्यामुळे होतात. पुढे चित्रपटाचं नाव असतं. आतली प्रत कुठली, किती लांबीची, कशावरून काढलेली, हे मागे बारीक अक्षरांत असतं. कधी कधी तिथेही नसतं. आणि वाईट प्रतीचा फटका विनोदी चित्रपटाला सगळ्यात जास्त बसतो. रहस्यपटात दोन-चार वाक्यं निसटली तरी गोष्ट कळते. विनोदात एक शब्द ऐकू आला नाही, एक हावभाव चौकटीबाहेर गेला, की तिथलं हसू गेलंच. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, चित्रपटच जुनाट झालाय. हे मला फार लागतं, कारण दोष चित्रपटाचा नसतो.

मिळेल ती स्वस्त प्रत घेणं

काही गाजलेले चित्रपट दहा-वीस वेगवेगळ्या कव्हरांत का मिळतात, याला कारण आहे. अमेरिकेत १९६३ सालापर्यंत प्रदर्शित झालेल्या चित्रपटांचा कॉपीराइट अठ्ठावीस वर्षांनी नव्याने नोंदवावा लागे. ज्यांनी तो नोंदवला नाही, त्यांचा हक्क संपला. १९४०चा 'हिज गर्ल फ्रायडे' असाच मोकळा झाला. १९६३च्या 'शराड'च्या तर प्रिंटवर कायद्याला हवी तशी कॉपीराइटची सूचनाच नव्हती, त्यामुळे तो प्रदर्शित झाला त्याच दिवशी सगळ्यांचा झाला. मग ज्याच्या हाती जी प्रिंट लागली, टीव्हीसाठी काढलेली १६ मिलिमीटरची, झिजलेली, कुठे सांधे उडालेली, त्याने तीच डिस्कवर चढवली.

'हिज गर्ल फ्रायडे'मध्ये माणसं एकमेकांची वाक्यं तोडून, एकमेकांवर बोलत सुटतात, आणि सगळी गंमत त्या वेगात आहे. असा चित्रपट खरखरणाऱ्या, दबक्या आवाजाच्या प्रतीवर ऐकलात तर निम्मे विनोद पोहोचतच नाहीत. तीच गोष्ट स्वच्छ ध्वनीच्या प्रतीवर ऐका, म्हणजे मी काय म्हणतोय ते पहिल्या दहा मिनिटांत कळेल.

म्हणून मागची बाजू वाचा. मूळ निगेटिव्हवरून किंवा एखाद्या चित्रपट-संग्रहालयाच्या प्रिंटवरून दुरुस्ती केली असेल, तर प्रकाशक ते अभिमानाने छापतोच. काहीच लिहिलेलं नसेल तर सावध व्हा. 'ब्लू-रे' या शब्दावर जाऊ नका, कारण डीव्हीडीचंच चित्र फुगवून ब्लू-रेवर घातलेल्या डिस्कही विकल्या जातात. शक्य असेल तर दोन-तीन आवृत्त्यांच्या फ्रेम शेजारी शेजारी ठेवून दाखवणारी परीक्षणं आधी बघा. त्यात चेहरे मेणाचे केल्यासारखे गुळगुळीत दिसत असतील, तर चित्रातले फिल्मचे कण पुसून टाकलेत, आणि कणांबरोबर त्वचेचा, कापडाचा पोतही गेलाय. फिल्मला कण असायचेच. ते दिसले तर प्रत चांगली समजा.

वेग न तपासणं

मी घेतलेल्या पहिल्या मूकपट-संचात सगळी माणसं मुंग्यांसारखी तुरुतुरु पळत होती. वर्षभर मला वाटत होतं, मूकपट असेच असतात. मग त्यातलाच एक लघुपट नीट वेगाच्या प्रतीवर पाहिला. नायक दारातून आत येतो, टोपी काढतो, समोर बघतो आणि थबकतो. जुन्या प्रतीत ते थबकणं दिसलंच नव्हतं, इतक्या झटक्यात निघून गेलं होतं. आणि सगळा विनोद नेमका त्या थबकण्यात होता.

मूकपटांच्या काळात कॅमेरा बरेचदा हाताने फिरवत. सेकंदाला सोळा, अठरा, वीस, बावीस अशा कितीही फ्रेम पडत. बोलपट आल्यावर आवाजासाठी वेग चोवीसवर पक्का झाला. सोळा फ्रेमने घेतलेलं दृश्य चोवीसने चालवलं, की सगळं दीडपट वेगाने धावतं. पण म्हणून जितकं संथ तितकं खरं, असंही समजू नका. पाठलागाची दृश्यं वेगवान दिसावीत म्हणून विनोदी नट कॅमेरा मुद्दाम हळू फिरवायला लावत. तेव्हा पारख करायची ती शांत दृश्यांत: माणूस खुर्चीत कसा बसतो, पाठीमागची माणसं रस्त्याने कशी चालतात. तिथे चाल नैसर्गिक वाटली की प्रत बरोबर.

वेगाची दुसरी गडबड बोलपटांत होते. 'पॅल' या भारत-युरोपातल्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला पंचवीस फ्रेम असतात, त्यामुळे चोवीसचा चित्रपट चार टक्के वेगाने पळतो. शंभर मिनिटांचा शहाण्णवमध्ये संपतो आणि आवाजही थोडा चढा लागतो. लोक मिनिटं मोजतात आणि 'चार मिनिटं कापली' म्हणून डिस्क परत करतात. कापलेलं काही नसतं. ब्लू-रेवर चित्रपट बहुधा चोवीसनेच असतो, त्यामुळे संगीताचा कान असलेल्यांनी ती आवृत्ती घ्यावी. पण फरक चार टक्क्यांहून खूप जास्त असेल, तर मात्र कात्री लागली आहे असं समजायला हरकत नाही.

चौकटीशी खेळ

१९५३ साली सिनेमास्कोप ही रुंद पडद्याची पद्धत आली, त्याआधीचे जवळपास सगळे चित्रपट चौरसाच्या जवळ जाणाऱ्या चौकटीतले आहेत. रुंद टीव्हीवर ते दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्यांसह दिसले पाहिजेत. पट्ट्या नको म्हणून चित्र ताणलं, की चेहरे रुंदावतात आणि हडकुळा नटही जाडा होतो. लॉरेल-हार्डीच्या जोडीत त्या दोघांच्या अंगकाठीतला फरक हाच अर्धा विनोद आहे, हे लक्षात घ्या. पडद्यावर गाडीचं चाक समोरून दिसेल तेव्हा थांबवून बघा. ते गोल हवं. लंबगोल असेल तर टीव्हीची चौकट 'मूळ' किंवा '४:३' वर आणा.

उलट त्रास रुंद चित्रपटांना झाला. व्हीएचएस कॅसेटच्या काळात त्यांच्या कडा कापून चित्र टीव्हीभर पसरवत. सिनेमास्कोपच्या चित्राचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग असा जात असे. जाक ताती या फ्रेंच विनोदी दिग्दर्शकाचा १९६७चा 'प्लेटाइम' ७० मिलिमीटरवर घेतलेला आहे आणि त्यातले विनोद कोपऱ्याकोपऱ्यात, एकाच वेळी चार ठिकाणी चाललेले असतात. तो पूर्ण चौकटीत, चांगल्या ब्लू-रेवर आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या पडद्यावरच बघावा. चित्र चारही बाजूंनी काळ्या चौकटीत लहानसं दिसत असेल, तर ती सुरुवातीच्या काळातली डीव्हीडी आहे. तिच्यापुरता टीव्हीचा झूम वापरा.

आणि टीव्हीतली 'मोशन स्मूदिंग', म्हणजे मधल्या फ्रेम स्वतःच बनवून घालायची सोय, बंद करा. जुन्या चित्रपटाला ती मालिकेसारखी गुळगुळीत करून टाकते. अलीकडच्या बऱ्याच टीव्हींवर 'फिल्ममेकर मोड' असतो, तो लावला की हे आपोआप होतं.

टीव्हीवरच्या विनोदी मालिका: उगाच नवी आवृत्ती घेणं

इथे एकच प्रश्न विचारायचा: मालिका फिल्मवर चित्रित झाली की व्हिडिओ टेपवर? 'आय लव्ह लुसी' १९५१पासून ३५ मिलिमीटर फिल्मवर झाली. त्यामुळे तिच्या निगेटिव्हमध्ये डीव्हीडीपेक्षा कितीतरी जास्त तपशील आहे आणि ब्लू-रेवर तो दिसतो. 'फॉल्टी टॉवर्स'चे बाराही भाग, १९७५चे सहा आणि १९७९चे सहा, स्टुडिओत व्हिडिओ टेपवर झाले. फक्त बाहेरची दृश्यं फिल्मवर आहेत. टेपवर मुळातच ५७६ ओळींचं चित्र आहे. पाचशे शहात्तर ओळी डीव्हीडीवर पूर्ण मावतात. अशा मालिकेची चांगली डीव्हीडी हाताशी असेल तर ती विकून टाकण्याची घाई करू नका.

मालिकांत गाण्यांकडेही लक्ष ठेवा. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही रेडिओ स्टेशनवरची विनोदी मालिका. २००७ साली तिच्या पहिल्या पर्वाची डीव्हीडी आली तेव्हा हक्कांच्या अडचणीमुळे बरीच मूळ गाणी बदललेली होती. नंतरच्या संपूर्ण संचात त्यातली पुष्कळशी परत आली. याउलट 'मॅश'च्या डीव्हीडीवर पार्श्वभूमीचं हसणं बंद करण्याची सोय आहे. ती एकदा वापरून बघाच, मालिका निराळीच वाटते.

रीजन आणि पद्धत एकच समजणं

डिस्क जगाच्या ज्या भागासाठी काढली तिथल्याच प्लेयरवर चालावी, म्हणून तिला प्रदेश (रीजन) दिलेला असतो: डीव्हीडीचे सहा, ब्लू-रेचे ए, बी, सी असे तीन. ब्लू-रेहून बारीक चित्राच्या चार-के डिस्कना प्रदेशाचं कुलूप नसतं, पण त्याच खोक्यातल्या साध्या ब्लू-रेला असू शकतं. 'सगळे रीजन चालतात' असं लिहिलेला प्लेयरही पॅलचं एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतली टीव्ही पद्धत, करून देईलच असं नाही. ती सोय प्लेयरमध्ये किंवा टीव्हीत वेगळी लागते. आवाज येतो पण चित्र वरखाली सरकतं किंवा काळं-पांढरं दिसतं, तेव्हा हीच अडचण असते. डिस्क खराब नसते.

डिस्क अडकते तेव्हा

बरोबर अर्ध्या चित्रपटापाशी चित्र क्षणभर थांबून पुढे गेलं, तर प्लेयर एका थरावरून दुसऱ्या थरावर जातोय. त्यात काळजीचं काही नाही. पण त्याच सुमाराला चित्र चौकोनांत फुटू लागलं, आवाज तुटू लागला, तर डिस्कची बाहेरची कड बघा. दोन थरांच्या डीव्हीडीत पहिला थर आतून बाहेर वाचला जातो आणि दुसरा बहुधा बाहेरून आत, म्हणून चित्रपटाचा मध्य कडेला येतो. आपली बोटंही तिथेच लागतात. मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसू नका, कारण गोलाकार ओरखडा डेटाच्या रांगेबरोबर जातो आणि वाचणं अशक्य करतो.

डिस्क काढताना मधलं बटण दाबा, मग उचला. कडेला धरून वाकवत ओढू नका. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून केलेली असते, आणि अशा ओढण्याने मध्यभागी बारीक चीर पडते किंवा चिकटवण उकलते. डीव्हीडीवरचा हलका ओरखडा पॉलिश करून जाऊ शकतो. ब्लू-रेला पॉलिश कधीही करू नका. तिचा डेटा पृष्ठभागाखाली जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असतो.

डिस्कची खालची बाजू जांभळट दिसत असेल तर ती छापलेली नाही, बर्न केलेली आहे. कमी खपाचे जुने चित्रपट मागणीनुसार असे बर्न करून विकले जातात, त्यात फसवणूक असेलच असं नाही. पण रंगद्रव्याचा तो थर उन्हाने आणि उष्णतेने उतरतो. तिला अंधारात ठेवा आणि वर्ष-दीड वर्षातून एकदा चालवून बघा. नवी डिस्क कुठलीही असो, आल्या आठवड्यात शेवटपर्यंत लावा. सील न फोडता ठेवलेल्या एका संचातली तिसरी डिस्क माझ्याकडे कोरीच निघाली, आणि तोवर बदलून मिळण्याची मुदत कधीच संपली होती.

कॅसेट टाकून देणं, किंवा तशीच लावणं

कित्येक लघुपट, जुने कार्यक्रम अजून फक्त व्हीएचएसवरच आहेत, त्यामुळे कॅसेट सरसकट फेकू नका. मात्र जुनी कॅसेट हाती आली की आधी तिची खिडकी उजेडाकडे तिरकी धरा. काळ्या फितीच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी किंवा जाळीसारखं काही दिसलं, तर ती बुरशी आहे. ती कॅसेट व्हीसीआरमध्ये गेली की बुरशी आतल्या, फीत वाचणाऱ्या हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर पसरते. अशी कॅसेट पिशवीत बंद करून वेगळी ठेवा आणि टेप साफ करणाऱ्या जाणत्या माणसाकडे द्या. बाकीच्या कॅसेट पुस्तकांसारख्या उभ्या, एका टोकापर्यंत पूर्ण गुंडाळून ठेवा. व्हीसीआर चालू आहे तोवर त्याला जपा, कारण फुनाई या शेवटच्या उत्पादकानेही २०१६च्या जुलैत ते बनवणं थांबवलं.

नावावरून यादी करणं

लघुपटांचा संग्रह वाढला की हा घोळ होतोच. चॅप्लिनचे कीस्टोन या संस्थेसाठी केलेले १९१४चे लघुपट पुढे अनेकांनी वेगवेगळ्या नावांनी पुन्हा विकले, त्यामुळे तीन संच घेऊन एकच लघुपट तिनांत सापडतो. यादीत मूळ नाव, साल, निर्मिती संस्था आणि प्रत्यक्ष मोजलेली मिनिटं लिहा. मग संच पुरा आहे का तेही कळतं. त्याचेच म्युच्युअल या संस्थेसाठी केलेले १९१६-१७चे लघुपट बारा आहेत. कव्हरवर 'संपूर्ण' छापलं असलं तरी आतली नावं मोजा. मिनिटांचा रकाना सगळ्यात उपयोगी पडतो: त्याच लघुपटाची दुसरी प्रत समोर आली आणि ती माझ्या प्रतीपेक्षा तीन मिनिटांनी मोठी असेल, तर ती मी घेतोच.