उन्हाळ्यात फेंटॅनिलचा पॅच लावताना

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे सरकला की फेंटॅनिलच्या, म्हणजे अफूच्या वर्गातल्या तीव्र वेदनाशामक औषधाच्या, पॅचवर जास्त नजर ठेवा. ऊन, ताप, गरम पाण्याची पिशवी, काहीही असो, अंग तापलं की त्वचेतून औषध जास्त वेगाने रक्तात जातं. पेशंट गुंगीत दिसला किंवा श्वास मंदावला तर पॅच काढा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा. पॅच काढला म्हणून निर्धास्त होऊ नका. त्वचेत साठलेलं औषध पुढे कित्येक तास रक्तात उतरतच राहतं.

घामट अंगावर पॅच टिकत नाही. जागा नुसत्या पाण्याने पुसा, साबण-स्पिरिट नको, आणि पूर्ण कोरडी होऊ द्या. केस कात्रीने कापा, वस्तरा नको. लावल्यावर तळहाताने ३० सेकंद दाबून धरा. साधारणपणे ७२ तासांनी नवा पॅच, तोही नव्या जागी. पण आधी जुना शोधून काढा. नातेवाईक छातीवर म्हणतात आणि तो निघतो पाठीवर!

काढलेल्या पॅचमध्येही बरंच औषध उरतं. हातमोजे घालूनच चिकट बाजू आत दुमडा आणि वॉर्डच्या नियमाप्रमाणे नोंद करून त्याची विल्हेवाट लावा. घरी जाणाऱ्या पेशंटच्या माणसांना तर बजावूनच सांगा, लहान मुलांच्या हाती तो अजिबात लागता कामा नये.